बांबूची तोड : एक प्रस्तावना

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अरण्यातील जिन्नसांची देखरेख करणाऱ्या कुप्याध्यक्षाच्या कर्तव्यांचे जे प्रकरण आहे, त्यात साग, शिसव आदी कठीण लाकडांचा एक वर्ग केलेला असून वेळूंचा वर्ग त्याहून निराळा मांडलेला आहे. आणि त्या वर्गातही वेळूच्या सात-आठ जाती नावानिशी नोंदविण्याइतकी त्या काळच्या राजदप्तराची नजर बारीक होती. त्यानंतर दोन सहस्र वर्षांनी, म्हणजे 1927 साली, भारतीय वन अधिनियमाचा मसुदा करणाऱ्या विद्वानांनी मात्र ‘वृक्ष’ या संज्ञेच्या व्याख्येत ताड, बुंधे, झुडपे आणि वेत यांच्या पंक्तीला बांबूलाही नेऊन बसविले. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे तृण आहे, भात, गहू आणि ऊस यांच्या कुळातले आहे, ही गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती असे मानण्याचे कारण नाही. सरकारी महसुलाच्या सोयीपुढे शास्त्राला माघार घ्यावी लागली, इतकेच. परंतु त्या एका व्याख्येमुळे पुढील नव्वद वर्षे स्वतःच्या बांधावरचा स्वतः लावलेला वेळू तोडून बाजारात न्यावयाचा, तर शेतकऱ्याला वनखात्याच्या कचेरीत अर्ज, पाहणी, दाखला आणि वाहतूक परवाना असे चार उंबरठे झिजवावे लागत. आणि ज्या पिकाची कापणी करण्यासाठी सरकारची इजाजत लागते ते पीक शहाणा खातेदार आपण होऊन लावीत नाही. 2017 च्या अखेरीस वनाबाहेरील जमिनीवरचा बांबू या व्याख्येतून वगळण्यात आला, तेव्हा कुठे बांबूची ‘लागवड’ हा विषय खऱ्या अर्थाने चर्चेस योग्य झाला.

प्रस्तुत पुस्तक त्या लागवडीविषयी आहे. त्याच्या कर्त्यांनी रोपवाटिका, अंतर, खत, पाणी, तोड, प्रक्रिया आणि बाजारपेठ या सर्व अंगांचा परामर्श घेतलेला असल्यामुळे त्याची पुनरुक्ती करण्याचे येथे प्रयोजन नाही. मला जे सांगावयाचे आहे ते एवढेच की, बांबूपासून होणारे पर्यावरणाचे आणि अर्थकारणाचे जे लाभ आज मोठ्या उत्साहाने गणले जातात, ते बहुतेक सारे तो लावण्यापेक्षा तो केव्हा, कसा आणि कोणाच्या हक्काने तोडला जातो यावर अवलंबून आहेत. झाडाच्या बाबतीत ‘तोडू नका’ हा उपदेश बव्हंशी शहाणपणाचा ठरतो. बांबूच्या बाबतीत तोच उपदेश अक्षरशः पाळला तर बेट गुदमरून मरते. याचे कारण त्याच्या वाढीच्या रीतीत आहे.

आषाढ-श्रावणाच्या पावसात बेटाच्या पायथ्याशी जो कोंब जमिनीतून वर येतो, तो येतानाच आपली पूर्ण जाडी घेऊन येतो. वृक्षाचा बुंधा वर्षावर्षाने रुंदावतो. बांबूची काठी मात्र जन्मतः जेवढी जाड असेल तेवढीच अखेरपर्यंत राहते, आणि जमिनीखालील कंदाने मागल्या वर्षी साठविलेल्या अन्नाच्या बळावर ती दोन-तीन महिन्यांत आपली सगळी उंची गाठते. त्यानंतर ती उंच होत नाही, जाड होत नाही. आतल्या आत टणक होत जाते. पहिल्या वर्षी तिच्या गाठींशी तपकिरी आवरणे चिकटलेली असतात आणि हिरव्या अंगावर पांढुरकी भुकटी असते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी ती भुकटी जाऊन अंगावर दगडफुलासारखे करडे डाग पडतात, रंग पिवळसर होतो, आणि कोयत्याची पाठ मारली असता कोवळ्या काठीच्या दबक्या आवाजाऐवजी खणखणीत नाद निघतो. ज्याला हा नाद ओळखता येतो त्याला बांबूची शेती निम्मी समजली. याच सुमारास ती काठी पक्की होते. त्यापुढे ती तशीच ठेवली, तर आठ-दहा वर्षांत वाळून, कुजून मातीला मिळते, आणि दरम्यान नव्या कोंबांची वाट अडवून बसते.

म्हणून जुन्या जाणकारांची तोडीची रीत अशी असे की, चालू वर्षाची आणि मागील वर्षाची काठी राखावयाची, तीन वर्षांवरील काढावयाची, आणि तीही पावसाळा संपल्यावर. कोंब फुटण्याच्या दिवसांत बेटात कोयता घालणे म्हणजे गाभण जनावराला औताला जुंपण्यासारखे आहे. नवे कोंब बेटाच्या बाहेरच्या कडेला येतात आणि जुनी काठी मधोमध अडकून पडते. त्यामुळे एका बाजूने वाट करून आत शिरावे, आतली जून काठी काढावी आणि बाहेरचे कोवळे कडे अभंग ठेवावे, म्हणजे वरून पाहणाराला बेट घोड्याच्या नालासारखे दिसते. काप जमिनीलगतच्या गाठीच्या अगदी वर घ्यावा. गाठीपासून चार बोटे वर घेतला, तर राहिलेल्या पोकळ पेल्यात पाणी साचते आणि तेथून कूज कंदात उतरते. आळसावलेला मजूर कमरेइतक्या उंचीवर काप घेतो, कारण तेथे वाकावे लागत नाही, आणि अशा खुंटांचे जंगल माजलेले बेट पुढे कोणालाच आत शिरू देत नाही.

पर्यावरणाच्या लाभांविषयी लिहिताना थोडी सावधगिरी बाळगणे इष्ट आहे. बांबू इतर झाडांपेक्षा पस्तीस टक्के अधिक प्राणवायू सोडतो, हे वाक्य हल्ली प्रत्येक सभेत ऐकू येते. त्याला शास्त्रीय आधार मला कोठेही आढळला नाही, आणि वक्त्यांनी ते सोडून दिले तर बांबूचे काहीही बिघडणार नाही. कर्बाची गोष्ट अधिक गंभीर आहे. झपाट्याने वाढणारी काठी हवेतील कर्ब झपाट्याने आपल्या अंगात घेते हे निर्विवाद. पण ती बेटातच कुजली, अथवा जळणात गेली, तर तो कर्ब पुन्हा हवेत जातो. ती पक्व झाल्यावर तोडून, प्रक्रिया करून घराच्या छपरात, तक्तपोशीत, मेजा-खुर्च्यांत वीस-तीस वर्षे टिकली, तरच तो ठेवा जमेस धरावयाचा. औष्णिक विद्युत केंद्रांत कोळशाच्या जोडीला बांबू जाळण्याचा जो विचार मांडला जातो, त्याने कोळसा वाचत असेल तर तोही लाभच. तथापि चुलीत बांबू घालू नये असे मानणाऱ्या मुलखात या योजनेचे स्वागत कसे होते, हे पाहण्याजोगे आहे.

मातीचे रक्षण हा मात्र बांबूचा निखळ गुण आहे. त्याचे कंद आणि तंतुमय मुळे वरच्या हात-दोन हात थरात जाळे विणून बसतात. त्यामुळे ओढ्याचा काठ, शेताचा बांध, उताराची पडीक जागा येथील माती पहिल्या वळिवात वाहून जात नाही, आणि पानांचा जो जाड थर खाली साठतो तो पावसाच्या थेंबाचा मार झेलून पाणी सावकाश जिरू देतो. पण मुळे उथळ असल्यामुळे या गुणाला मर्यादाही आहे. सह्याद्रीत दरड कोसळून एखादी वाडी गाडली गेली की, डोंगरावर बांबू लावा अशी सूचना हटकून होते. वरवरची झीज त्याने थांबेल, परंतु खोलवर पाणी मुरून सबंध कडाच घसरू लागला तर त्याला धरून ठेवण्याचे सामर्थ्य या मुळांत नाही. पाण्याच्या बाबतीतही हाच विवेक हवा. विदर्भातला मानवेल कमी पावसावर तग धरतो. ईशान्येकडून आणलेल्या जाड जातींना तेवढ्यावर भागत नाही, आणि पहिली दोन वर्षे तर कोणत्याही जातीच्या रोपाला उन्हाळ्यात पाणी दाखवावेच लागते. ‘पाण्यावाचून येणारे पीक’ अशी जाहिरात वाचून ज्यांनी मुरमाड माळावर हजारो रोपे लावली, त्यांच्या रोपांचे काय झाले हे विचारण्याचे धाडस जाहिरातदार सहसा करीत नाहीत.

बांबूच्या नाशाचा इतिहास पाहिला म्हणजे त्याच्या रक्षणाचे मर्म अधिक स्पष्ट होते. इंग्रजी अमदानीत वनाधिकाऱ्यांना सागाच्या रोपणांत माजणारा बांबू ही एक पीडा वाटे. पुढे त्याच्या लगद्यापासून कागद होतो असे दिसून आल्यावर ती पीडा एकाएकी संपत्ती बनली. स्वातंत्र्यानंतर कागदाच्या गिरण्यांना सरकारने दीर्घ मुदतीचे करार करून जंगलेच्या जंगले बांबूसाठी तोडून दिली. उत्तर कन्नड जिल्ह्यात दांडेलीच्या गिरणीला बांबू मिळे तो टनाला दीड रुपया दराने, जेव्हा बाजारात टोपल्या विणणारा त्याच मालाला कितीतरी पट पैसा मोजत होता. 1970 च्या दशकात परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी तेथील बेटांचा जो अभ्यास केला, त्यातली एक बारीक गोष्ट मला फार बोलकी वाटते. काटेरी बांबूच्या पायथ्याशी आडव्या काटेरी फांद्यांचे एक कुंपण असते. ते साफ केले तर बेट मोकळे होऊन चांगले वाढेल, असा वनखात्याचा समज होता, आणि तोडीचे मजूर त्याप्रमाणे ते काढून टाकीत. गावकरी मात्र स्वतः बांबू तोडताना त्या काट्यांना हात लावीत नसत; कारण गुरे, वानरे आणि साळिंदरे यांच्या तोंडून कोवळा कोंब वाचतो तो त्या कुंपणामुळेच. कुंपण गेले, कोंब खाल्ले गेले, बेटे उजाड झाली. आणि दोष मात्र बराच काळ गावकऱ्यांच्या आणि बुरुडांच्या माथी मारला गेला. स्वस्त मालाची राखण करण्याची गरज गिरणीलाही वाटली नाही; जवळचे जंगल संपले की लांबचे होतेच.

आपल्याकडे हेच नाटक चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यात झाले. 1945 साली स्थापन झालेल्या बल्लारपूरच्या कागदगिरणीला या अरण्यातला बांबू कराराने मिळत असे. त्याच जंगलावर पिढ्यान्‌पिढ्या पोट भरणारा बुरुड, आणि निस्तार हक्काने घरापुरता बांबू आणणारा गोंड, यांचा हिस्सा मात्र वनखात्याच्या डेपोवरच्या यादीत शेवटी लागे. बुरुडाच्या कामाची एक अडचण कचेरीत बसून सहजी कळत नाही. घरबांधणीला पक्की, वाळलेली काठी हवी. बुरुडाला वर्ष-दीड वर्षाची हिरवी, ओलसर काठी हवी. तिची कांबट चिरून, कोयत्याच्या धारेवर अंगठ्याने दाब देत तो हिरव्या सालीची बेळ आणि आतल्या मऊ भागाची बेळ निरनिराळी सोलतो. सालीची बेळ सुपाच्या कडेला आणि टोपलीच्या बुडाला, मऊ बेळ मधल्या विणीला. डेपोत महिनोन्‌महिने पडून वाळलेला बांबू चिरताना फुटतो, आणि सवलतीच्या दराने मिळालेला तो माल बुरुडाला जळणाच्या किमतीचा उरतो. सूप, टोपली, परडी, दुरडी, रोवळी, डालगे, कणगी, तट्टा, आणि कोकणातले इरले ही सारी संपदा या हिरव्या काठीतून निघते. प्लास्टिकने त्यांतले निम्मे जिन्नस बाजारातून घालविले. उरलेल्यांना लग्नकार्ये आणि गौरीच्या सणातील ओवशाची सुपे यांनी तगवले आहे.

या पार्श्वभूमीवर धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गावाने जे घडविले त्याचे महत्त्व कळते. गावचेच देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहवासात या गावाने सर्वसहमतीने निर्णय घेण्याची शिस्त लावून घेतली होती, आणि कागदगिरणीसाठी होणाऱ्या बेबंद तोडीला आक्षेपही घेतला होता. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबूची गणना स्पष्ट शब्दांत गौण वनोपजात केली. त्या आधारे 2009 साली 1,800 हेक्टरांहून अधिक जंगलावर गावाला सामूहिक हक्क मिळाला. पण हक्काचे पत्र हाती येऊनही तोडलेला बांबू गावाबाहेर नेण्याचा परवाना मिळेना, कारण वन अधिनियमाच्या पुस्तकात बांबू अद्याप वृक्षच होता! एका कायद्याने दिलेले दुसऱ्या कायद्याने अडवून धरावे, असा हा पेच होता. अखेर 2011 च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि वाहतूक परवान्यांचे पुस्तकच ग्रामसभेच्या स्वाधीन झाले. पुढे ग्रामसभेने स्वतः बांबू विकला; तोडीची मजुरी आणि विक्रीचा नफा दोन्ही गावातच राहिली. ज्यांना त्याच बेटातून पुढच्या वर्षीही काठी काढावयाची आहे, ते काप कोठे घ्यावा हे शिकण्यास टाळाटाळ करीत नाहीत. अलीकडे गडचिरोलीतील इतरही अनेक ग्रामसभा आपापला बांबू आणि तेंदूपाने विकू लागल्या आहेत. लिलावात सगळ्यांचीच फसवणूक टळते असे नाही. परंतु फसवणूक झाल्यास ती कोणी केली हे आता गावाला कळते, आणि ही प्रगती लहान नव्हे.

शेतकऱ्याच्या बांधावरच्या बांबूची कहाणी कोकणात अधिक सुखाची आहे. सिंधुदुर्गात माणगा नावाचा, भरीव, जवळजवळ बिनकाट्याचा आणि सरळ वाढणारा बांबू घरोघरी परसात आणि बांधांवर असतो. त्याला सहसा बी धरत नाही, म्हणून शेतकरी कंद किंवा काठीचे तुकडे लावून त्याची वाढ करतात. आंबा-काजूच्या मानाने त्याची देखभाल नगण्य, आणि नड आली की बेटातून चार काठ्या काढून विकता येतात. सावकाराकडे जाण्याऐवजी बेटाकडे जाणे हा अनेक घरांचा परिपाठ आहे. टोमॅटोच्या आणि वेलवर्गीय पिकांच्या मळ्यांना आधाराची काठी, मंडपाचे खांब, शिडी, लाकूडसामानाचे कारखाने असा त्याला नाना प्रकारचा गिऱ्हाईक आहे. लागवडीनंतर चौथ्या-पाचव्या वर्षापासून दरसाल तोड सुरू होते आणि पुढे बेट फुलोऱ्यावर येईपर्यंत, म्हणजे बहुधा लावणाऱ्याच्या हयातीनंतरही, ती चालू राहते. पहिल्या दोन-तीन वर्षांत ओळींमध्ये हळद, आले, कडधान्ये घेता येतात. या पुस्तकातील जमाखर्चाची कोष्टके मी तपासून पाहिली आहेत. त्यांतील खर्चाची बाजू विश्वसनीय वाटते, उत्पन्नाच्या बाजूला बाजारपेठेचे अंतर मात्र थोडे कमी धरले गेले आहे असे मला वाटते. माणग्यासारखे भरीव अपवाद सोडले तर बांबू पोकळ असतो. मालमोटार काठोकाठ भरली तरी वजन भरत नाही, आणि भाडे तर पूर्ण मोटारीचे द्यावे लागते; त्यामुळे शंभर-दीडशे मैलांपलीकडे नुसती काठी पाठवणे बहुधा आतबट्ट्याचे ठरते. ज्या तालुक्यात निदान चिरण्याची आणि प्रक्रियेची सोय नाही, तेथे शेकडो एकर लागवड करावयास सांगणे हे शेतकऱ्याला अंधारात ढकलण्यासारखे आहे, मग त्यासाठी रोजगार हमीतून अनुदान मिळत असो वा नसो.

उदबत्तीच्या काडीचा प्रकार या संदर्भात शिकण्याजोगा आहे. सुमारे दीड लक्ष चौरस किलोमीटर क्षेत्रात बांबू असणाऱ्या या देशाला देवापुढे लावावयाची काडी चीन आणि व्हिएतनाममधून आणावी लागत होती, आणि 2020 साली तिच्यावरील आयातशुल्क वाढवून ही आवक रोखण्याचा प्रयत्न झाला. पण जकात वाढविली म्हणून काडी स्वस्तात तयार होत नाही. यंत्रावर गोल काडी काढताना काठीचा फार थोडा भाग कामास येतो. उरलेल्याचा कोळसा, तक्ता अथवा लगदा करून विकणारा शेजारी असेल तरच काडीचा धंदा तरतो. व्हिएतनामने हे शेजार जमविले, आपण बरीच वर्षे बांबूला वृक्ष म्हणून मोजत राहिलो.

बांबूच्या फुलोऱ्याविषयी पुस्तकात एक लहानसा परिच्छेद आहे. तो विषय त्याहून अधिक विस्तार मागतो. कित्येक जातींचे बांबू दशकानुदशके फुलत नाहीत, आणि मग एकाच वेळी सबंध प्रदेशातील बेटे फुलून, बी गाळून, मरून जातात. जपानमधील एका जातीचे हे चक्र सुमारे 120 वर्षांचे आहे. मिझोरममधील मुख्य जातीचे 48 वर्षांचे. 1958-59 च्या फुलोऱ्यात तेथे डोंगरभर पडलेल्या बियांवर उंदरांची बेसुमार पैदास झाली, बी संपल्यावर त्यांनी शेते आणि कोठारे फस्त केली, आणि दुष्काळ पडला. मिझो लोकांना ‘मौताम’ हे संकट पूर्वजांच्या अनुभवावरून ठाऊक होते. त्यांच्या जिल्हा परिषदेने आसाम सरकारला आगाऊ इशाराही दिला होता, तो कोणी मनावर घेतला नाही. दुष्काळनिवारणासाठी उभी राहिलेली लालडेंगा यांची संघटना 1961 मध्ये मिझो नॅशनल फ्रंट बनली, 1966 मध्ये सशस्त्र बंड झाले, आणि शांतता करार व्हावयास 1986 साल उजाडले. 2006 नंतर पुन्हा फुलोरा आला तेव्हा पूर्वतयारी बरी होती. महाराष्ट्रात अशी आपत्ती ओढवेल असा याचा अर्थ नाही. पण एकाच बेटाचे तुकडे करून अथवा प्रयोगशाळेतल्या एकाच ऊतीपासून लक्षावधी रोपे तयार करून ती सर्वत्र लावली, तर ती सारी एकाच वयाची मानली जातात आणि एकाच सुमारास फुलून मरण्याचा संभव असतो. रोपे घेताना ती कोणत्या बेटाची आणि त्या बेटाचे वय काय, हे विचारण्याचा परिपाठ शेतकऱ्यांनी ठेवावा, आणि शक्य तर दोन-तीन जाती मिसळून लावाव्यात.

घरबांधणीचे प्रकरण वास्तुविद्येच्या विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावे. राष्ट्रीय इमारत संहितेत बांबूला स्थान मिळालेले आहे, 2012 पासून त्याच्या रचनेसाठी भारतीय मानकही आहे, आणि बंगळूरच्या विमानतळाच्या नव्या इमारतीत प्रवाशांच्या डोक्यावरचे अफाट छत बांबूच्या पट्ट्यांनी मढविलेले आहे. तरीही जिल्ह्याच्या ठिकाणी बांबूच्या घराचा नकाशा मंजुरीस गेला की कारकून ते ‘कच्चे’ घर म्हणून फाइलीत लावतो. बांबूच्या कीर्तीला खरी बाधा आणली ती पोखरणाऱ्या किड्याने. काठीतील पिष्ट हे त्याचे अन्न. पावसाळ्यात तोडलेल्या काठीत ते भरपूर असते, हिवाळ्यात तोडलेल्या काठीत कमी. कोकणातला शेतकरी काळोख्या पंधरवड्यात तोडावे असे म्हणतो, तोडलेली काठी वाहत्या ओढ्यात दोन-तीन आठवडे दगडाखाली दाबून ठेवतो, आणि मग सावलीत उभी वाळवतो. चंद्राचा भाग वादग्रस्त राहू द्या. ओढ्याचा भाग रसायनशास्त्राला पूर्ण मान्य आहे. मोठ्या प्रमाणावर बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या द्रावणाने तेच काम अधिक खात्रीने होते, त्याची प्रमाणे या पुस्तकात दिलेली आहेत.

ज्यांना पुस्तक सबंध वाचण्याची सवड नाही, त्यांनी रोपवाटिकेचे प्रकरण नंतर वाचले तरी चालेल. तोडीचे आणि प्रक्रियेचे प्रकरण मात्र पहिले रोप खड्ड्यात जाण्यापूर्वी वाचावे. कारण बेटाचा आकार, ओळींमधले अंतर, आत शिरावयाची वाट आणि मालमोटार उभी राहण्याची जागा, ही सारी लागवडीच्या दिवशीच ठरवावी लागते, आणि पाचव्या वर्षी कोयता घेऊन उभे राहिल्यावर ती बदलता येत नाही.